वच्छीने लावलेले माड

मी एकदा माणसं मोजायला गेले आणि माड मोजून परत आले. इतका मूर्खपणा करायलाही शिक्षण लागतं. माझं झालेलं होतं. सावंतवाडीला मॅट्रिक, मग नर्सिंग, त्यावर मिडवाइफचा बिल्ला. वय तेवीस, अंगावर खळ घातलेली पांढरी साडी, मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ, आणि ऊन असो वा पाऊस, काखेत छत्री. मालवणच्या किनाऱ्यावर माझ्याएवढी हुशार मुलगी आजवर उतरलीच नसेल, असं मला आरशात बघून वाटायचं. नाती आता विचारतात, "आजी, लहानपणी तू कशी होतीस?" मी सांगते, लहानपणी बरी होते, तेविसाव्या वर्षी बिघडले.

पण हे लिहायला बसले आहे ते माझ्यासाठी नव्हे, वच्छीसाठी. आणि वच्छीच्या ओळखीत शिरायचं तर थोबाडीत खाऊनच शिरावं लागे. मीही तशीच शिरले.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. तारकर्लीच्या अलीकडे, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखी एक मासेमारांची वाडी होती. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. त्या वाडीची सुईण वच्छी. साठीची असेल. बुटकी, रुंद, लुगड्याचा काष्टा करकचून मारलेला, दात मिश्रीने काळे. हात मात्र तिच्या अंगाला शोभत नसत. ते एखाद्या खलाशाचे होते. त्या हातांत वाडीतली तीन पिढ्यांची डोकी पहिल्यांदा आली होती, आणि ती डोकी मोठी झाल्यावरही वच्छी त्यांच्यावर आपला हक्क सांगायची, टपली मारून.

मी रुजू होऊन आठवडा झाला असेल. भर दुपारी एका घरातून बोलावणं आलं. मी माझी चकचकीत पेटी घेऊन पोचले, तर वच्छी आधीच बसलेली. पोरगी पहिलटकरीण होती, ओरडत होती. मी तिच्या उशाशी उभी राहून म्हणाले, "घाबरू नका." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. असं दहा-अकरा वेळा झालं असेल. मग काय झालं ते मला कळलंच नाही. गाल पेटला आणि घड्याळ उडून कोपऱ्यातल्या तांदळाच्या पाटीत पडलं.

"भियालंस ती तू," वच्छी म्हणाली. "भायर बस. आणि तुझ्या घड्याळात बघ, पोराक येवची येळ झाली काय."

मी बाहेर बसले. सरकारी मिडवाइफ, ओसरीवर, गाल धरून. आतून एक फाटकन आवाज आला, मग दुसरा. पहिली त्या पोरीला, दुसरी पोराला. पोर रडलं. वच्छीच्या राज्यात येणाऱ्याचं स्वागत असं व्हायचं.

पुढे तिच्याशी सूत जमल्यावर मी एकदा चिडवलं, "मावशी, मारताना तू कुणाला विचारतेस गं?"

ती पान लावत होती. म्हणाली, "थोबाड फाल्या बरा होता."

फाल्या म्हणजे उद्या. तेव्हा मी हसले होते.

तिचा हात सगळ्यांवर सारखाच पडे असं मात्र नाही. बायकांना ती चापट मारी. पुरुषांना मारायला तिला वल्हं लागे. वाडीतल्या एकाने दारू पिऊन आपल्या सात महिन्यांच्या गरोदर बायकोच्या पोटात लाथ घातली. पोर आतच गेलं. वच्छीने ते पोर बाहेर काढलं, हात धुतले, त्या बाईला पेज पाजली, आणि मग पडवीत उभं केलेलं वल्हं उचलून त्या माणसाच्या गळ्याखालचं हाड मोडलं. एका फटक्यात. तो किंचाळत पडला असताना त्याच्या उजव्या हातात, म्हणजे धड राहिलेल्या हातात, कुदळ दिली आणि परड्यात खड्डा खणायला लावला. तो खणेपर्यंत ती वल्हं घेऊन वर उभी होती. नंतर महिनाभर रोज जाऊन त्याच्या हाडाला लेपही तिनेच लावला. "मोडलंय मी," ती म्हणायची, "सांधतलंय पण मीच."

तो खड्डा कशासाठी, ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे बाळामागून पडणारी वार कुठेही टाकत नाहीत. घरामागच्या परड्यात खड्डा करून पुरतात. वच्छी त्यात मूठभर मीठ आणि चुलीतली राख टाकायची आणि वर माडाचा रोपा लावायची. प्रत्येक पोरामागे एक. पोराच्या आंघोळीचं पाणी त्या रोप्याला. पोर जन्मताच गेलं, पोटात गेलं, तरी रोपा लावायचाच.

"पोर गेलं तर कशाला?" मी विचारलं.

त्या मारकुट्या नवऱ्याच्या परड्यात ती माती दाबत होती. वर न बघता म्हणाली, "पोर गेला तरी माड रवता. आवशीक हात लावक कायतरी होया मा." आवस म्हणजे आई.

रोज सकाळी ती वाडीतून निघायची ती परड्यापरड्यातून. जाता जाता प्रत्येक माडाच्या खोडावर तळहात मारायची, फाट, आणि म्हणायची, "उठ रे." कुणाच्या दारातून चहाचं बोलावणं आलं तरी तो माड झाल्याशिवाय जायची नाही. हे सगळं तिने मला दाखवलं, सांगितलं. माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला सांगावं असं तिला वाटलं, हीच तिची चूक. तिची मला माहीत असलेली एकच चूक.

आणि ती काही ऑपरेशनच्या विरुद्ध नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर आजकालचे लोक म्हणतील, अडाणी सुईण, दुसरं काय करणार. सुंदरी नावाची एक बाई आठव्या बाळंतपणात पांढरीफटक पडली होती. वच्छीनेच तिला बैलगाडीत घालून माझ्याकडे आणली. मागून सासू शिव्या देत येत होती, नवरा सासूच्या मागून. वच्छीने दोघांना दवाखान्याच्या पायरीवर अडवलं आणि मला म्हणाली, "हिका बंद कर. आणखी एक झाला तर ही मरतली."

मी कागद पुढे केला. ती म्हणाली, "रव. तू पण आयक." आणि सुंदरीकडे वळली. "गो, मी तुका बावडेर इचारलंय, नदीर इचारलंय. आता हय इचारतंय. नको झाली मा पोरां?"

सुंदरीने मान हलवली. वच्छीने तिच्या गालावर टिचकी मारली. "तोंडान सांग."

"नको झाली," सुंदरी म्हणाली.

तीन जागी, तीनदा, आणि तोंडाने. मी मनात म्हटलं, काय हा वेळकाढूपणा. अंगठा घेतला की झालं.

मग कोटा आला. वरून आमच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना, साहेबांकडून मला. आमच्या भागातून इतकी नसबंदीची ऑपरेशनं झालीच पाहिजेत, अमुक दिवशी शाळेत शिबीर, यादी तयार ठेवा. तीन आणि त्याहून जास्त मुलं असलेले पुरुष. नाही आले तर त्यांचं रॉकेल बंद, साखर बंद. साहेब म्हणाले, "सिस्टर, तुमच्यावर भिस्त आहे." बस. माझ्या टाचा जमिनीला लागेनात.

मी यादी करायला वाडीत गेले. पांढरी साडी लांबून दिसली की बायका पोरं लपवत. चार असली की दोन सांगत, दोन असली की "खंयची पोरां," कुठली पोरं, असं म्हणत. दोन दिवस मी उन्हात फिरले आणि कोरी वही घेऊन परतले. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. माड खोटं बोलत नाहीत! मी मागच्या बाजूने शिरले. बायका बाजारात मासे घेऊन गेलेल्या, पुरुष समुद्रावर. परड्यापरड्यातून फिरले आणि वच्छीचे माड मोजले. नुसते मोजलेच नाहीत, तर उंचीवरून अंदाजाने पोरांची वयंसुद्धा लिहिली. बाबल नावाच्या मासेमाराच्या परड्यात पाच होते. मी लिहिलं: बाबल, मुलं पाच, मोठा नऊ वर्षांचा.

साहेबांनी वही बघितली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

"पण हे लोक हाताला कसे लागायचे?" त्यांनी विचारलं. "जीप दिसली की होड्या घेऊन समुद्रात."

यावरही उत्तर माझ्याकडेच होतं. देवाने मला त्या वर्षी अक्कल भरभरून दिली होती. मी म्हणाले, "रापण ओढताना जा. दोर कुणी सोडत नाही."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून वाडीच्या पुरुषांनी वाळूवरून ओढायचं. एकाने हात सोडला तर भार दुसऱ्यावर, सगळ्यांनी सोडला तर जाळं गेलं, आणि ते जाळं साऱ्या वाडीचं.

सकाळी नऊच्या सुमाराला जीप आणि ट्रक वाळूपर्यंत आले. मी जीपमध्ये, मांडीवर वही. शिपाई उतरले. पुरुषांनी मान वळवून बघितलं, पण दोर कुणी सोडला नाही, मी म्हणाले होते तसंच. ते यादीतली नावं वाचत गेले आणि एकेकाला दोरावरून उपटून ट्रककडे नेत गेले. एकाने चावा घेतला, त्याचे पुढचे दात काठीने पाडले. एक म्हातारा शिपायाच्या पायाला मिठी मारून बसला. त्याला वाळूवरून तसाच फरफटत नेला. जसजशी माणसं कमी झाली तसतसा दोर उरलेल्यांच्या हातांतून सरकू लागला. बाबलने तो कमरेला गुंडाळला आणि टाचा वाळूत रुतवल्या. त्याच्या तळव्यांचं सालपट निघून दोर लाल झाला होता. शेवटी शिपायांनी त्याच्या कानशिलात काठी घातली. कानाची पाळी फाटून लोंबली. दोर गेला. जाळं आणि त्यातले बांगडे, सगळं पुन्हा पाण्यात गेलं.

बाबलला त्याच्याच दोराच्या तुकड्याने बांधून जीपसमोर आणलं.

"माका पोर नाय हो," तो म्हणाला.

शिपाई हसले. "साहेब, सकाळपासून हा सातवा निपुत्रिक."

खरंच, त्या दिवशी प्रत्येकजण तेच म्हणत होता. चार पोरांचा बाप, सहा पोरांचा बाप, सगळे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली.

"पाच आहेत," मी म्हणाले. "मोठा नऊ वर्षांचा."

बाबलने माझ्याकडे बघितलं. रक्त त्याच्या मानेवरून छातीवर येत होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला काहीतरी विचारायचं होतं.

"खंय आसा तो?" त्याने विचारलं.

मला वाटलं, काय हा नाटकी माणूस.

वच्छी त्या सकाळी खाडीपलीकडे बाळंतपणाला गेली होती. तिला कळून ती शाळेत पोचली तेव्हा बारा वाजले असतील. वर्गातली बाकं एकाला एक लावून टेबलं केली होती. फळ्यावर आदल्या दिवसाचे पाढे होते. दारात स्टोव्हवर हत्यारं उकळत होती. पुरुष ओळीने बसवलेले, काहींचे हात अजून बांधलेले. वच्छी दारातून आली, शिपायाने काठी आडवी धरली. तिने पातेल्याचे कान धरले, तसेच, उघड्या हातांनी, आणि उकळतं पाणी हत्यारांसकट त्याच्या पायांवर ओतलं. तो किंचाळून खाली बसला. तिने दुसऱ्याच्या तोंडावर रिकामं पातेलं हाणलं, त्याचं नाक फुटलं. तिसऱ्याने तिचा उजवा हात चौकटीवर दाबून धरला आणि काठीने ठेचला. दोनदा. वाळलेली झावळी पायाखाली मोडावी तसा आवाज आला.

तिने आत बघितलं. शेवटच्या बाकावर बाबल भिंतीकडे तोंड करून पडला होता. लुंगी रक्ताने भिजली होती. त्याचं करून झालं होतं.

मग तिने मला शोधलं. मी कोपऱ्यात कापसाचे बोळे करत होते. डाव्या हाताने तिने माझा अंबाडा धरला, आणि मला वर्गातून, शाळेच्या पटांगणातून, सुरूच्या झाडांमधून वाळूवरून ओढत नेलं. कुणी अडवलं नाही. शिपाई आपले पाय आणि नाक बघत होते. माझी चप्पल गेली, घड्याळ गेलं, साडी कमरेपर्यंत फाटली. मी रडत विचारत होते, "मावशी, मी काय केलं?"

तिने मला बाबलच्या परड्यात आणून सोडलं. त्याची बायको गुलाब मागच्या दारात कळशी घेऊन उभी होती. वच्छीने माझा हात धरला आणि पहिल्या माडाच्या खोडावर आपटला.

"ह्यो नव वर्सांचो. तूच लिवलंस मा? तीन दिवस जगलो. नाव पण ठेवूक मिळाला नाय."

दुसऱ्या माडावर.

"ह्या चेडू. साडेतीन म्हयने. हसाक लागलेला."

तिसरा. "ह्यो पोटातच गेलो."

चौथा. "ह्यो पण."

पाचवा माझ्या गुडघ्याएवढा होता. त्याला खोड नव्हतं. वच्छीने माझी बोटं त्याच्या पात्यांवर दाबली. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं उलट्या दिशेला वळली होती आणि ती त्याच हाताने दाबत होती. "बारको. गेल्या शिमग्याचो."

गुलाबने कळशी खाली ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण काहीच झालं नाही. साहेबांना शाबासकी मिळाली. मलाही एक प्रमाणपत्र आलं, लाल त्रिकोण छापलेलं. मी साहेबांना लिहून कळवलं की बाबलच्या नोंदीत चूक झाली होती. त्यांनी वहीत सुधारणा करून घेतली. पाचावर काट मारून शून्य.

बाबलची जखम चिघळली. वच्छीने मला निरोप पाठवला, "पुढच्या दारान ये आणि तेचा धुवन दी." मी वीस दिवस गेले. पुढच्या दाराने. गुलाब माझ्याशी अक्षर बोलली नाही; पाणी तापवून पुढे ठेवायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. बाबल बरा झाला. पुन्हा रापणीवर जाऊ लागला. पण दोर धरलेला असताना कुणी मागून आलं की त्याचा खांदा आपोआप वर येऊन फाटका कान झाकायचा.

वच्छीची बोटं जुळली ती वाकडीच. त्या हाताने तिला पुन्हा पोर काढता आलं नाही. मग ती माझ्यामागे बसू लागली. माझे हात आत, तिचं तोंड माझ्या कानाशी. "वायच खाली. खांदो लागलो? आता थांब. थांब म्हटलंय मा." आणि चुकलं की डाव्या हाताची एक मानगुटीवर. दीड वर्षात मला जे येऊ लागलं ते नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. वार पुरायला खड्डा मी खणायचे, मीठ आणि राख ती टाकायची. बाबलच्या परड्यात मात्र पुन्हा खणायची वेळ आली नाही.

माझी बदली वैभववाडीकडे झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी वच्छीला शोधत गेले. ती नेहमीसारखी परड्यांतून फिरत होती, आता डाव्या हाताने. फाट. "उठ रे." मला बघून थांबली नाही, म्हणून मी तिच्यामागून चालत राहिले. बाबलच्या परड्यात ती पोचली. चार खोडांवर हात मारला. पाचवा आता तिच्या कमरेएवढा झाला होता; त्याच्या पात्यावर तिने दोन बोटांनी टिचकी मारली.

मला रडू फुटलं. दीड वर्ष जे बोलले नव्हते ते बोलले. म्हणाले, "मावशी, माझी मोजणी चुकली गं. मी आधी तुला विचारलं असतं, नीट मोजलं असतं, तर त्याचं नाव यादीत आलंच नसतं. त्याची पोरं जिवंत नव्हती, हे मला कळायला हवं होतं."

पान तिच्या गालात होतं. ते तिने थुंकलं, वाकड्या बोटांच्या हाताने तोंड पुसलं, आणि म्हणाली,

"आणि पाचय जित्ती असती, मगे तेका दोरीन बांधून न्हेलला चालला असता?"